दोन बहिणी, दोन वर्क परमिट: कुणाला कामावर ठेवू, कुणाला थांबवू? (युक्रेन, टीपीएस, पॅरोल)

शलाका_फॉल्सम | नोव्हेंबर 2025

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या स्वतःच्या कागदांचा नाही, त्यामुळे आपल्या एच-वनबी व्हिसाच्या धाग्यात घुसवला नाही.

मी कॅलिफोर्नियात रँचो कॉर्डोव्हाला भाड्याच्या कमर्शियल किचनमध्ये डबे आणि केटरिंग करते. सॅक्रामेंटोच्या या बाजूला राहणाऱ्यांना सांगायला नको, इथे चार दुकानांपैकी एकाची पाटी युक्रेनियन किंवा रशियन असते. माझ्याकडे खारकीव्हच्या दोन सख्ख्या बहिणी कामाला आहेत. थोरली मे 2023 मध्ये आली. धाकटी आपल्या सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन त्याच वर्षी डिसेंबरात. दोघी युनायटिंग फॉर युक्रेनमधून (युद्धामुळे निघालेल्यांना पॅरोलवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी, अमेरिकेत येऊ देणारी योजना), दोघींची हमी घेणारा सपोर्टरही एकच, त्यांच्या चर्चमधलं कुटुंब. गणपतीत मंडळाच्या पंगतीला ज्यांनी पुरणपोळ्या खाल्ल्या त्या थोरलीच्या हातच्या होत्या. खरं वाटत नाही लोकांना, पण पुरण बाहेर न येऊ देता पोळी लाटणं हे काम ती माझ्यापेक्षा बरं करते.

तर झालं असं. माझा पगाराचा हिशेब बाहेरचं एक ऑफिस बघतं. त्यांनी वर्षाअखेरीला फाइली चाळल्या आणि कळवलं की थोरलीचं वर्क परमिट 19 एप्रिल 2025 ला संपलंय, तिला ताबडतोब बंद करा. धाकटीचं 12 डिसेंबर 2025 पर्यंत आहे, शिवाय तिने मुदतवाढीचा अर्ज टाकलाय, म्हणजे तिची चिंता नाही.

थोरली म्हणते, मी कायदेशीर आहे. एप्रिलमध्ये तिने एक सरकारी छापील कागद आणून दिला होता, तो मी तिच्या फाइलला लावलेला आहे. धाकटी काहीच म्हणत नाही, नुसती बघत राहते. नवऱ्याचं मत आहे की दोघींनाही थांबव, लफडं नको. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात तीन मोठ्या ऑर्डरी आहेत, पण मुद्दा ऑर्डरींचा नाही. चुकीच्या बाईला घरी बसवलं तर तिचं भाडं कोण भरणार?

कुणाला अनुभव असेल तर सांगा. एच-फोरपासून (एच-वनबीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) ग्रीन कार्डापर्यंत सगळे फॉर्म मी स्वतः भरलेत, पण हे प्रकरण वेगळं दिसतंय.

---

अद्वैत_प्लेनो

एवढं काही नाही ताई. ईएडीचं, म्हणजे वर्क परमिटचं, रिन्यूअल टाकलं की जुनं कार्ड आपोआप 540 दिवस वाढतं. बायकोचं एच-फोर ईएडी असंच चाललं होतं, रिसीट दाखवली आणि एचआरने मान्य केलं. दोघींच्या रिसीटा फाइलला लावा आणि निवांत रहा.

---

भास्कर_पार्मा

अद्वैत, थांबा जरा. तुमच्या घरी झालं ते बरोबरच झालं, पण ते इथे लावलं तर शलाकाताई अडचणीत येतील. 540 दिवसांची सवलत ठरावीक वर्गांनाच होती आणि पॅरोलचा वर्ग त्या यादीत कधीच नव्हता. शिवाय 30 ऑक्टोबर 2025 ला किंवा त्यानंतर टाकलेल्या रिन्यूअलसाठी ती सवलत बंदच केली आहे, एच-फोरवाल्यांसाठीसुद्धा. हे वाचणाऱ्या बाकीच्यांनीही नोंद घ्या, आपल्यातल्या बऱ्याच घरांना हे अजून माहीत नाही.

शलाकाताई, मी क्लीव्हलँडशेजारी पार्मात राहतो. मूळ सांगलीचा. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात एचआर बघतो. पार्मात स्टेट रोडच्या आजूबाजूला युक्रेनियन वस्ती जुनी, दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्यांची. 2022 नंतर त्यात नवी मंडळी मिसळली आणि त्यातले पुष्कळजण आमच्याकडे लेथवर नाहीतर पॅकिंगला आहेत. मी वकील नाही, पण आय-9, म्हणजे कामगाराची कामाची परवानगी तपासून मालकाने भरायचा फॉर्म, हे माझं रोजचं काम आहे आणि युक्रेनची कार्डं इतकी हाताळलीत की तुमची पोस्ट वाचतानाच वाटलं, हिशेबाच्या ऑफिसने बरोब्बर उलटं सांगितलंय.

पण अंदाजाने बोलत नाही. तीन गोष्टी बघून कळवा. दोन्ही कार्डांवर 'कॅटेगरी' या शब्दाखाली काय छापलंय? दोघींच्या आय-94 वर (देशात प्रवेशाच्या नोंदीवर) आल्याची आणि मुदत संपण्याची तारीख काय? आणि धाकटीने नेमका कुठला अर्ज टाकलाय, कधी? 'मुदतवाढ' या नावाखाली लोक काहीही सांगतात. आय-94 कागदावर नसेल तर सीबीपीच्या (सीमा खात्याच्या) साइटवर पासपोर्ट नंबर घालून तिला स्वतःला काढता येतो.

---

शलाका_फॉल्सम

भास्करदादा, आज दोघींना घेऊन बसले.

थोरली: कार्डावर ए-12, तारीख 19 एप्रिल 2025. मार्चच्या सुरुवातीला टीपीएसची (संकटातल्या देशाच्या लोकांना मिळणाऱ्या तात्पुरत्या संरक्षणाची) फेरनोंदणी आणि नवं कार्ड असे दोन्ही अर्ज केलेत, रिसीटा आहेत, नवं कार्ड आलेलं नाही.

धाकटी: कार्डावर सी-11, तारीख 12 डिसेंबर 2025. आय-94 ची मुदतही तीच. जुलैमध्ये ऑनलाइन आय-131 फॉर्म टाकलाय रि-पॅरोलसाठी, म्हणजे पॅरोल पुन्हा मिळावा म्हणून. टीपीएस घेतलेलं नाही. का नाही विचारलं तर म्हणाली, 'मला मिळत नाही, मी उशिरा आले.'

दोघी एकाच घरात राहतात, एकाच बसने येतात.

---

भास्कर_पार्मा

छान, आता नीट बोलता येईल. लांब लिहितोय, चहा घेऊन बसा.

थोरलीपासून सुरू करतो, कारण तिचं सोपं आहे. ए-12 म्हणजे टीपीएस मंजूर झालेला माणूस. युक्रेनसाठी टीपीएस एप्रिल 2022 मध्ये लागू झालं. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याची मुदत वाढवली तेव्हा दार नव्या लोकांसाठीही उघडलं, अट एवढीच की 16 ऑगस्ट 2023 पासून तुम्ही अमेरिकेत राहत असायला हवं. थोरली मे महिन्यात आली, म्हणून ती बसली. जानेवारी 2025 मध्ये, जुनं सरकार जायच्या आधी काही दिवस, आणखी 18 महिन्यांची वाढ जाहीर झाली. ती 19 ऑक्टोबर 2026 पर्यंत आहे. मात्र त्या वेळी दार पुन्हा उघडलं नाही, तारीख 16 ऑगस्ट 2023 हीच राहिली. धाकटी चार महिन्यांनी चुकली. युद्ध तेच, शहर तेच, सपोर्टर तोच.

आता कार्ड. ती वाढ जाहीर करणाऱ्या फेडरल रजिस्टरच्या (सरकारी राजपत्राच्या) नोटिशीतच लिहिलंय की ए-12 किंवा सी-19 वर्गाची, 19 एप्रिल 2025 ला संपणारी युक्रेन टीपीएसची कार्डं 19 एप्रिल 2026 पर्यंत आपोआप चालू राहतील. थोरलीने तुम्हाला एप्रिलमध्ये दिलेला कागद बहुधा त्याचीच प्रत. म्हणजे तिचं कार्ड मेलेलं दिसतं, पण जिवंत आहे. आय-9 मध्ये 'अ‍ॅडिशनल इन्फर्मेशन'च्या चौकटीत 'ईएडी ईएक्सटी' आणि पुढे 19 एप्रिल 2026 ही तारीख इंग्रजीत लिहायची, नोटिशीची प्रत मागे लावायची. बस. तिच्याकडून आणखी कागद मागू नका. मालकाने गरजेपेक्षा जास्त किंवा ठरावीकच कागद हवा म्हणून अडून बसणं हासुद्धा फेडरल कायद्याने गुन्ह्यासारखाच प्रकार आहे, दंड होतो. हिशेबाच्या ऑफिसचं ऐकून तिला घरी बसवलं असतंत तर तक्रार तुमच्यावर झाली असती, त्यांच्यावर नाही. अशा शंकांसाठी न्याय खात्याच्या इमिग्रंट अँड एम्प्लॉयी राइट्स सेक्शनची मालकांसाठी वेगळी हेल्पलाइन आहे. नाव न सांगता विचारता येतं. मी दोन-तीनदा विचारलंय, माणसं नीट बोलतात.

नवं कार्ड मात्र तिने तिच्या ऑनलाइन खात्यावर बघत राहावं. या वर्षी जुलैत आलेल्या मोठ्या कायद्यानंतर टीपीएस आणि पॅरोलच्या नव्या कार्डांची मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची झाली आहे. आणि 19 ऑक्टोबर 2026 नंतरचं काहीही गृहीत धरू नये. व्हेनेझुएलावाल्यांचं टीपीएस या वर्षी सरकारने कसं रद्द केलं ते सगळ्यांनी पाहिलंय.

आता धाकटी. इथे मला वाईट बातमी द्यायची आहे.

सी-11 म्हणजे पॅरोलच्या जोरावर मिळालेलं कार्ड. पॅरोल संपला की त्याच्या पायाखालची जमीन जाते. तिने रि-पॅरोलचा अर्ज वेळेत टाकलाय हे चांगलंच, पण तो अर्ज प्रलंबित असणं म्हणजे राहायची परवानगी नव्हे आणि काम करायची तर मुळीच नव्हे. रिसीट आय-9 ला चालत नाही. आय-9 मध्ये रिसीट चालते ती हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा खराब झालेल्या कागदाच्या बदली प्रतीची. मुदतवाढीच्या अर्जाची नाही. त्यामुळे 12 डिसेंबरची शिफ्ट तिला करू द्या, 13 पासून नव्या कागदाशिवाय नाही. हे माहीत असून कामावर ठेवलंत तर तो तुमचा गुन्हा आणि तिच्या पुढच्या प्रत्येक अर्जात 'विनापरवाना काम केलंय का?' या प्रश्नाचं उत्तर तिला 'हो' द्यावं लागेल. दुसरं जास्त वाईट.

कुणीतरी तुम्हाला म्हणेल की तिच्याकडे सोशल सिक्युरिटी कार्ड आणि ड्रायव्हिंग लायसन्स आहे, ते घ्या आणि पुढे चला. सोशल सिक्युरिटीचं कार्ड उलटसुलट बघा. 'डीएचएसच्या (गृहसुरक्षा खात्याच्या) परवानगीनेच कामासाठी वैध' अशा अर्थाची ओळ छापलेली असेल तर ते आय-9 ला चालत नाही. तिच्यावर ती असणारच.

तिला काढून टाकायची गरज नाही. आम्ही अशा लोकांना बिनपगारी रजेवर ठेवतो. नवा कागद आला की आय-9 च्या 'सप्लिमेंट बी'मध्ये नोंद करून दुसऱ्या दिवशी कामावर. कारखान्यात जागा धरून ठेवायला वरिष्ठांशी भांडावं लागतं, तुमचं स्वयंपाकघर तुमचंच आहे.

रि-पॅरोल कधी येईल? कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये या सगळ्या पॅरोलवाल्यांचे अर्ज सरकारने बासनात बांधून ठेवले होते. मे अखेरीस मॅसॅच्युसेट्सच्या फेडरल न्यायाधीश इंदिरा तलवानी यांनी ती स्थगिती उठवायला लावली, जूनमध्ये यूएससीआयएसने (इमिग्रेशनचे अर्ज बघणाऱ्या खात्याने) तसा आदेश काढला. तेव्हापासून अर्ज हलतायत, पण तुंबलेलं खूप आहे. आमच्याकडे एकाला लवकर आलं, त्याच्याच मेहुण्याला नाही.

फीचं आत्ताच सांगून ठेवा. 16 ऑक्टोबर 2025 पासून पॅरोल मंजूर करताना वेगळी फी आहे (2025 मध्ये 1,000 डॉलर), रि-पॅरोललाही. सूट थोड्यांनाच. ती अर्जासोबत भरायची नाही. मंजुरीच्या वेळी मागणी येते, त्यात दिलेल्या मुदतीत भरायची. धाकटीचा आणि मुलाचा अर्ज वेगळा, म्हणजे दोनदा. शिवाय पॅरोलवरच्या कार्डासाठी नव्या कायद्याचे (2025 च्या दराने) 275 डॉलर, नेहमीची अर्ज फी वेगळी. पगार थांबलेल्या बाईला हे एकदम भरायला सांगणारा कायदा कुणी लिहिला देव जाणे. आत्तापासून बाजूला काढायला सांगा, नाहीतर मंजुरी दारात उभी आणि पैसे नाहीत असं होईल.

---

सुनीता_नेपरव्हिल

भास्कररावांनी जवळजवळ सगळं लिहिलंय. मी 2022 मध्ये एका कुटुंबाची सपोर्टर होते, हमीचा आय-134 फॉर्म भरून. ते आता शिकागो अ‍ॅव्हेन्यूवरच्या युक्रेनियन व्हिलेजजवळ राहतात, त्यामुळे हे सगळं घरचं झालंय.

काही सुटलेल्या गोष्टी. यूएससीआयएसने 28 ऑक्टोबरपासून कागदी चेक आणि मनीऑर्डर घेणं बंद केलंय. पोस्टाने अर्ज करायचा असेल तर कार्डाचा जी-1450 किंवा बँक खात्याचा जी-1650 फॉर्म जोडावा लागतो. आमच्या ओळखीतल्या एका आजोबांनी जुन्या सवयीने चेक पाठवला, पाकीट परत आलं आणि तारीख गेली.

पत्ता बदलला तर दहा दिवसांत एआर-11, म्हणजे पत्ताबदलाचा फॉर्म. ऑनलाइन खात्यात पत्ता बदलायचा, पोस्टात नाही. पोस्ट ऑफिसचं फॉरवर्डिंग यूएससीआयएसच्या कार्डांना चालेलच असं नाही.

आणि मेलवर आलेलं सगळं खरं मानू नका, अगदी सरकारकडून आलेलंही. या एप्रिलमध्ये काही युक्रेनियन लोकांना 'सात दिवसांत देश सोडा' असे मेल गेले आणि मग सरकारनेच सांगितलं की चुकून गेले. आमच्या घरी त्या रात्री कुणी जेवलं नाही. पुढचं काही असं आलं तर आधी खात्यात लॉगिन करून बघा.

अजून एक, थोरलीला लागू नाही पण वाचणाऱ्यांपैकी कुणाला उपयोगी पडेल. 16 ऑगस्ट 2023 च्या आधी आलेले काहीजण नुसत्या पॅरोलवर राहिले, टीपीएस घेतलंच नाही. त्यांना वाटतं नोंदणीची मुदत संपली, आता काही होत नाही. होतं. नोंदणीच्या काळात जो पॅरोलवर होता किंवा ज्याचा रि-पॅरोलचा अर्ज प्रलंबित होता, त्याला उशिरा पहिला अर्ज करायची सोय नियमात आहे. पण ती परिस्थिती संपल्यापासून 60 दिवसांच्या आत. आमच्या चर्चच्या ओळखीतला एक मुलगा असाच वेळेवर सापडला. साठ दिवस झरकन जातात.

---

शलाका_फॉल्सम

तुम्हा दोघांचे किती आभार मानू. थोरलीला सांगितलं तेव्हा तिने नुसतं 'मी म्हणाले होते' अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं आणि कणीक मळायला गेली.

धाकटीला मात्र सांगणं जड गेलं. तिने एकच विचारलं, 'चर्चमध्ये एक माणूस आहे, तो असायलमचा (छळाच्या भीतीने आश्रय मागायचा) अर्ज टाकून देतो, म्हणतो लगेच वर्क परमिट येतं. करू का?' दोन हजार मागतोय म्हणे. आणि ड्रायव्हिंग लायसन्सही त्याच तारखेला संपतंय. डबे पोचवायचं कामही तीच करते.

---

रोहित_एल्कग्रोव्ह

लायसन्सचं मी सांगतो, इथलाच आहे. तिचं रिअल आयडी (विमानातही चालणारं लायसन्स) असेल तर ते पॅरोलच्या तारखेला बांधलेलं असतं, म्हणून संपतंय. कॅलिफोर्नियात एबी-60 चं लायसन्स 2015 पासून मिळतं, त्याला इमिग्रेशनचा कागद लागत नाही. ओळख आणि इथे राहत असल्याचा पुरावा लागतो. विमानात ओळखपत्र म्हणून चालत नाही, पण गाडी चालवायला पुरतं. डीएमव्हीची (लायसन्स ऑफिसची) अपॉइंटमेंट आत्ताच घ्या. (पगारी डिलिव्हरी हेही कामच, त्यामुळे 13 तारखेनंतर डबे पोचवायला तिला पाठवू नका. मुलाला शाळेत सोडायला लायसन्स लागेलच.)

बाकी त्या चर्चबद्दल: सॅक्रामेंटोत स्लाव्हिक लोकांची एवढी चर्चेस आहेत त्यामागे जुनी गोष्ट आहे. 1989 च्या लॉटेनबर्ग दुरुस्तीनंतर सोव्हिएत युनियनमधले बाप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल लोक निर्वासित म्हणून इथे येऊ लागले आणि एकाने दुसऱ्याला ओढत आणलं. त्यामुळे चर्च हाच त्यांचा वाडा, बँक आणि नोकरी शोधायची जागा. चांगली माणसंही तिथेच भेटतात, फॉर्म भरून पैसे उकळणारेही.

---

भास्कर_पार्मा

दोन हजारवाल्याला आधी एक प्रश्न विचारायला सांगा: तू वकील आहेस की न्याय खात्याने मान्यता दिलेला प्रतिनिधी? दोन्ही नसेल तर कायदेशीर सल्ला द्यायचा त्याला अधिकारच नाही. मान्यताप्राप्त संस्था आणि प्रतिनिधींची यादी न्याय खात्याच्या साइटवर राज्यवार असते, कॅलिफोर्नियाची यादी लांबलचक आहे. अशा संस्था फुकट किंवा नाममात्र पैशात बघतात.

असायलम करू नको असं मी म्हणणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण 'लगेच वर्क परमिट' हे खोटं आहे. असायलमचा अर्ज पोचल्यावर 150 दिवस गेल्याशिवाय कार्डाचा अर्जच करता येत नाही, 180 दिवसांच्या आत कार्ड मिळत नाही. पूर्वी असायलमच्या अर्जाला फी नव्हती, आता 2025 च्या दराने 100 डॉलर आहे, अर्ज प्रलंबित असेल तर दरवर्षी आणखी 100, आणि पहिल्या कार्डाला 550. म्हणजे उन्हाळ्यापर्यंत तरी त्या मार्गाने पगार नाही.

दुसरं असं की युद्ध चालू आहे एवढ्यावर असायलम मिळत नाही. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट यांपैकी कशामुळे तरी तुमचाच छळ होईल हे दाखवावं लागतं. खारकीव्हवर बॉम्ब पडतात हे खरं, पण ते सगळ्यांवर पडतात असं समोरचा अधिकारी म्हणतो. तिच्या बाबतीत याहून वेगळं काही असू शकेल, ते तिने वकिलाला सांगायचं, मला किंवा तुम्हाला नाही.

तरीही वकिलाकडे 12 डिसेंबरच्या आधी जा म्हणतोय, त्याला कारण आहे. असायलम आल्यापासून वर्षभरात मागायचं असतं, तिचं वर्ष केव्हाच गेलं. पण जो पॅरोलवर होता आणि पॅरोल चालू असताना किंवा संपल्यावर वाजवी वेळेत अर्ज करतो, त्याला या मुदतीतून सूट मागता येते. 'वाजवी वेळ' किती हे अधिकाऱ्यावर, म्हणून ताणू नये. आणि पॅरोल संपल्यावर, दुसरं काही हातात नसेल तर, बेकायदा वास्तव्याचे दिवस मोजायला सुरुवात होते. रि-पॅरोलचा प्रलंबित अर्ज ती मोजणी थांबवत नाही. प्रामाणिक असायलम अर्ज थांबवतो. त्यामुळे हे सगळं तोलून बघणारा माणूस हवा, कोऱ्या फॉर्मवर सही घेणारा नाही. त्या माणसाने कोऱ्या फॉर्मवर सही मागितली तर तिथून उठायचं.

आमच्याकडे एक वेल्डर आहे, ओडेसाचा. त्याने असंच कुणाकडून तरी असायलम भरून घेतलं. त्यात त्याची गोष्ट नव्हतीच, दुसऱ्या कुणाची तरी चिकटवली होती. तो आता स्वतःच्या अर्जातल्या खोट्या वाक्यांना घाबरून जगतो. काम उत्तम करतो, पण यूएससीआयएसचं पाकीट आलं की ते उघडायला माझ्या टेबलाशी येतो.

तिला हेही सांगा की पोलंडला आईला भेटायला वगैरे जाऊ नको. इथून पाऊल बाहेर पडलं की पॅरोल तिथेच संपतो. परत येण्याची परवानगी आधी हातात नसेल तर परतीचं काही खरं नाही. युनायटिंग फॉर युक्रेन तर जानेवारीपासून नव्या लोकांसाठी थांबलेलंच आहे.

---

अद्वैत_प्लेनो

540 दिवसांचं बंद झालं हे मला खरंच माहीत नव्हतं. बायकोचं पुढचं रिन्यूअल मार्चमध्ये आहे. किती आधी टाकता येतं?

---

भास्कर_पार्मा

कार्ड संपायच्या 180 दिवस आधीपासून. मार्चचं असेल तर खिडकी उघडलेलीच आहे, आजच टाका. बाकीचं एच-फोरच्या धाग्यात विचारा, इथे शलाकाताईंचं चालू द्या.

---

शलाका_फॉल्सम

सोमवारी एका मान्यताप्राप्त संस्थेत धाकटीची वेळ मिळाली, दुभाषी त्यांचाच. मी सोबत जाईन, आत बसणार नाही. हिशेबाच्या ऑफिसला फेडरल रजिस्टरची नोटीस पाठवली. उत्तर आलं, 'नोंद घेतली', एवढंच.

13 तारखेपासून तिची जागा धरून ठेवते. थोरली म्हणाली दोघींचं काम मी करीन, पण तसं मी होऊ देणार नाही. मंडळातल्या दोघीजणी जानेवारीपर्यंत अर्धा दिवस यायला तयार आहेत. नवरा आता गप्प आहे.

शेवटचं एक. संस्थेने मुलाच्या जन्मदाखल्याचं भाषांतर आणायला सांगितलंय. ते कुठून करायचं? एक दुकान नोटरीसकट दीडशे डॉलर सांगतंय.

---

भास्कर_पार्मा

नोटरी लागत नाही. यूएससीआयएसला पूर्ण भाषांतर हवं असतं आणि खाली भाषांतरकाराचं लेखी प्रमाणपत्र: मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, सही, नाव, पत्ता, तारीख. दोन्ही भाषा जाणणारा कुणीही करू शकतो. त्यांच्या चर्चमधली एखादी शिक्षिका करून देईल. अर्जदाराने स्वतःचं स्वतः करू नये, आईनेही नको. शिक्क्यातली अक्षरंसुद्धा भाषांतरात यायला हवीत, ती गाळली की चौकशीचं पत्र येतं. आणि मुलाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच इंग्रजीत लिहायला सांगा, एका अक्षराचाही फरक नको.

मुलाचा आय-131 वेगळा टाकलाय ना? लहान आहे म्हणून आईच्या अर्जात आपोआप येतो असं काहींना वाटतं. येत नाही. आज रात्री खात्यात दोन रिसीट नंबर दिसतात का, एवढं बघायला सांगा.

---

शलाका_फॉल्सम

दिसतात, दोन आहेत. मुलाने स्वतःच भरलाय स्वतःचा, आणि आईचाही.